‘साहेब, चालेल का?’ : मशीनवरचा माणूस तयार करायची रीत

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघतो. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) लेथ, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं), एक म्हातारं ग्राइंडिंग मशीन आणि वीस-पंचवीस माणसं. निम्मी पोरं आयटीआय करून आलेली, लातूर-बीड-नांदेडकडची, काही बिहार-यूपीची, काही अप्रेंटिस, आणि तीन-चार जण असे की मी इथं लागलो तेव्हाही ते याच मशीनवर होते.

हाताखालची माणसं कशी घडवावीत यावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक केबिनमध्ये बसणाऱ्यांसाठी असतं. महिन्यातून एकदा निवांत बसा, उद्दिष्टं ठरवा, फीडबॅक द्या. आमच्याकडे एका जॉबचा, म्हणजे एका पिसाचा, सायकल टाइम दीड-दोन मिनिटं. जे काय शिकवायचं ते दार उघडून पीस काढेपर्यंत, नाहीतर शिफ्ट बदलताना. तेव्हा हे लिहिलंय ते सुपरवायझर, सेटर (मशीन लावून देणारे), क्वालिटीतल्या सीनियर मंडळींसाठी, ज्यांच्या डोक्यावर डिस्पॅच असतो आणि तरीही पोरं तयार करायची असतात.

सुरुवात एका प्रश्नापासून करा. शिफ्टमध्ये ऑपरेटर हातात पीस घेऊन येतो आणि विचारतो, “साहेब, चालेल का?” आपण मायक्रोमीटर लावतो, मान हलवतो, तो जातो. अर्ध्या तासानं परत येतो. आपल्याला बरं वाटतं, आपल्यावाचून अडतंय म्हणून. पण तो शिकत काहीच नाही, आणि आपण त्याचं गेज, म्हणजे मोजायचं साधन, होऊन बसतो. रात्रपाळीला आपण नसतो तेव्हा तो एकतर मशीन बंद ठेवतो, नाहीतर अंदाजानं ठोकतो.

उद्यापासून एवढंच करा. “चालेल का?” म्हटलं की उत्तर द्यायचं नाही. उलट तीन गोष्टी विचारायच्या: ड्रॉइंगवर किती आहे, तुला किती मिळालं, तुझं काय मत आहे. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिले काही दिवस पोरगा खाली बघत उभा राहतो, त्याला वाटतं साहेब परीक्षा घेतायत. राहू द्या उभा. मत चुकीचं असलं तरी ते त्याच्या तोंडून बाहेर येऊ द्या, मगच आपलं सांगा. ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगताना कारण जोडायचं: “चालेल, कारण या तोंडावर पुढं ग्राइंडिंग आहे.” त्या कारणावर पुढच्या वेळी तो स्वतः ठरवतो.

पहिला आठवडा

नवीन पोराला पहिल्याच दिवशी सगळं सांगायची हौस आवरा. पाच ‘एस’ (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), सेफ्टी, प्रोग्राम, ऑफसेट, रिजेक्शनची वही, चहाची वेळ, सगळं एका दमात. दुपारपर्यंत त्याच्या लक्षात फक्त चहाची वेळ राहते.

आधी मोजायला शिकवा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड करून पोरं येतात, सर्टिफिकेट असतं, पण हातात मायक्रोमीटर दिला की रॅचेट (दाब बेताचा ठेवणारी टोकाची खुंटी) न फिरवता थिंबलच (फिरणारी नळी) आवळतात. त्याला एकच पीस द्या, एकच मायक्रोमीटर, आणि त्याच जागी पाच वेळा मोजून रीडिंग लिहायला सांगा. पाच रीडिंगमध्ये दोन-तीन शतांशांचा फरक आला तर ओरडू नका. कागद त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, “पीस तर एकच होता, मग हे वेगवेगळं कशानं?” उत्तर तो स्वतः शोधतो: दाब, तिरका धरलेला गेज, पिसाला चिकटलेली चिप, म्हणजे धातूचा कीस. या अर्ध्या तासात जे शिकणं होतं ते दोन तासांच्या भाषणात होत नाही.

त्यानंतर एकेक काम. इथं मी जी पद्धत वापरतो ती जुनी आहे आणि माझी नाही. अमेरिकेत १९४० साली, ते युद्धात उतरायच्याही आधी, कारखान्यांना भराभर नवी माणसं तयार करायची होती. शेतावरची, घरातली, कधी मशीन न पाहिलेली. त्यासाठी सुपरवायझर लोकांना शिकवायची चार पायऱ्यांची रीत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानला गेली, तिथल्या कारखान्यांनी धरून ठेवली, आणि टोयोटात तिचं बियाणं आजही आहे. पायऱ्या साध्या: माणसाला तयार करा, म्हणजे त्याला काय येतं ते विचारा आणि धास्ती घालवा; काम करून दाखवा; त्याच्याकडून करून घ्या; मग एकट्यावर सोडा पण अधूनमधून जाऊन बघा. ती रीत शिकवणाऱ्यांचं म्हणणं होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. आमच्या लाईनीत हे कुणाला आवडत नाही. “पोरांमध्ये दमच नाही” म्हणणं सोपं पडतं.

यातली दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी बिघडते. दाखवणारा सेटर हुशार असतो, हात भराभर चालतात, पोरगा “हो सर, हो सर” करतो. दाखवायचं तीनदा. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या: हे केलं, मग हे. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीत जिथं घोळ होतो ती जागा. तिसऱ्यांदा तसं का करायचं ते. मग तो करेल तेव्हा त्यालाही तोंडानं बोलायला लावा. जॉब चकमध्ये (जॉब धरून फिरवणारी पकड, तिचे दात म्हणजे जॉ) लावताना तो म्हणाला पाहिजे, “जॉ पुसून घेतो, कारण चिप राहिली तर रनआउट येतो.” म्हणजे जॉब डगमगत फिरतो. हात बरोबर चालले आणि कारण सांगता आलं नाही, तर तो नक्कल करतोय असं समजा. नक्कल आजचा जॉब काढते, जॉब बदलला की बसते.

हात मागे

सगळ्यात अवघड गोष्ट ही, आणि ती आपल्याबद्दल आहे. पोरगा अडखळला की आपला हात आपोआप पॅनलकडे जातो. “सरक बाजूला” म्हणायचं आणि टकाटक बटणं दाबून मोकळं व्हायचं. पीस निघतो, पण त्याला जे कळतं ते एवढंच की अवघड वेळ आली की साहेब करतात. मी हात मागे बांधून उभा राहतो, चक्क एका हातानं दुसरं मनगट धरून.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण विचारायचं कसं हे त्यातून जास्त कळेल. २५ मिमी एच ७ बोअर (आतलं भोक) चालला होता, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मधलं माप चालतं. मशीनवर वर्षभर झालेला एक पोरगा. चेकशीटवर त्यानं लिहिलेलं होतं: २५.०१४, २५.०११, २५.००७, २५.००३. प्रत्येकापुढे टिक. सगळं ओकेच होतं, त्याची चूक काहीच नव्हती.

मी म्हटलं, “हे चार आकडे वाच मोठ्यानं.” त्यानं वाचले.

“पुढचा किती येईल?”

जरा थांबला. “कमी येईल साहेब. शून्यावर.”

“का?”

“टीप घासली.” म्हणजे टूलचं कापणारं टोक.

“आता हा शेवटचा पीस हातात धर.” पीस कोमट होता. स्टीलचा २५ मिमीचा व्यास २० अंशांनी तापला तर साधारण ६ मायक्रॉन (०.००६ मिमी) फुगतो. हा दहाएक अंशांनी गरम असेल, म्हणजे थंड झाल्यावर अजून तीनएक मायक्रॉन आत येणार. हे गणित मी त्याला सांगितलं नाही. “गार झाल्यावर मोज” एवढंच म्हटलं. गार झालेला पीस बरोबर २५.००० वर आला. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. टिक मारलेला पीस काठावर बसला होता.

“मग काय करशील?”

“ऑफसेट देतो. दहा मायक्रॉन.” म्हणजे टूल तेवढं सरकवायचा आकडा मशीनला देणार.

“कुठल्या बाजूला?”

“मायनस.”

इथं जीभ चावून गप्प बसावं लागतं. ओडी (बाहेरचा व्यास) टर्निंग करून करून मायनस तोंडात बसलेला असतो. तिथं टीप घासली की साइज वाढतो, म्हणून मायनस. बोअरला उलटं, तो लहान होतो. मी विचारलं, “एक्स प्लसला टूल कुठं जातं, हातानं दाखव.” त्यानं मूठ सेंटरवर धरून बाहेर नेली, आणि अर्ध्यावरच म्हणाला, “प्लस, प्लस.”

वेअरच्या पानावर, म्हणजे टीप घासल्याचा ऑफसेट जिथं देतात तिथं, आधीचे ०.०३० होते. तो ०.०१० टाइप करून इनपुटवर बोट नेणार तेवढ्यात विचारलं, “दाबल्यावर तिथं किती दिसेल?” बोट थांबलं. आमच्या मशीनचा कंट्रोल फॅनक कंपनीचा; त्याच्या पॅनलवर इनपुट दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो, प्लस इनपुट दाबलं की त्यात मिळतो. इनपुट दाबलं असतं तर ०.०३० चे ०.०१० झाले असते, आणि बोअर वाढायच्या ऐवजी २० मायक्रॉन लहान झाला असता. त्यानं प्लस इनपुट दाबलं, ०.०४० दिसले, पुढचा पीस गार करून मोजला तर २५.०१० च्या आसपास.

यात मला पाच-सहा मिनिटं जास्त लागली. दोन-तीन पीस मागं पडले. पण त्या पोराला टिक मारायची नसते, कल बघायचा असतो, हे परत सांगावं लागलं नाही. उलट दुसऱ्या टोकाला जाऊन तो दर पिसाला दोन-दोन मायक्रॉनचा ऑफसेट देऊ लागला, हेही होतंच. तेव्हा त्याला सांगितलं, एक रीडिंग इकडंतिकडं झालं म्हणून हात लावायचा नाही, तीन-चार सलग एकाच बाजूला गेले तर लावायचा.

प्रश्न विचारताना एक पथ्य आहे. ज्याचं उत्तर त्याच्याकडे असणं शक्य नाही तो प्रश्न विचारू नका. नवीन कंट्रोलवर पोराला “हा अलार्म कशाचा?” विचारून घाम फोडण्यात अर्थ नाही. माहिती नसेल तर सरळ सांगा. विचार नसेल तर विचारा.

चुका कुठल्या बाजूला होऊ द्यायच्या

‘चुकांतून शिकू द्या’ हे सगळेच म्हणतात. मालकासमोर म्हणून बघा. स्टीलचं ब्लँक, आधीच्या दोन ऑपरेशनचा खर्च, वर हीट ट्रीटमेंट झालेली असेल तर विचारूच नका.

मी असं बघतो. बोअर लहान राहिला तर परत मारता येतो. मोठा झाला की भंगार. ओडीचं नेमकं उलटं. म्हणजे प्रत्येक कामाला एक रिवर्कची बाजू असते आणि एक भंगाराची. शिकणाऱ्याला रिवर्कच्या बाजूला मोकळं सोडा. टार्गेट साइज त्याच बाजूला थोडा सरकवून द्या, पहिले काही पीस त्यालाच काढू द्या, चुकला तर त्यालाच दुरुस्त करू द्या. भंगाराच्या बाजूला जाताना दिसला तर मधे पडा, पण तरीही प्रश्नानंच.

आणि एका ठिकाणी प्रश्नबिश्न काही नाही. नवीन टूलचा ऑफसेट घेतलाय, पहिली सायकल चालू होतेय, आणि पोरानं सिंगल ब्लॉक (प्रोग्राम एकेक ओळ थांबत चालवणं) लावला नाही, रॅपिड (टूलची मोकळी धाव) शंभर टक्क्यांवर आहे. किंवा दार उघडं असताना मशीन चालू न देणारा इंटरलॉक बायपास केलाय. किंवा फिरत्या चकजवळ हातमोजे घालून गेलाय. तिथं इमर्जन्सी दाबायची, मोठ्यानं थांबवायचं. शिकवणं नंतर. हा फरक पोरांना आधीच सांगून ठेवा, की या तीन-चार गोष्टींवर मी ओरडणार, बाकी कशावर नाही. मग ओरडण्याला किंमत राहते.

बोलायचं कसं

गँगवेमध्ये, म्हणजे मशीनमधल्या वाटेत, उभं राहून, चार मशीनवरची माणसं बघतायत, आणि आपण एकाला झापतोय, हे दृश्य प्रत्येक शॉपमध्ये रोज दिसतं. त्या पोराच्या कानात शब्द जात नाहीत, फक्त बाकीचे हसतायत का हे तो बघत असतो. बिहारकडच्या पोराला मराठीत झापलं तर अर्धं कळतही नाही. त्याच्याशी हिंदीत बोला; मराठी त्याला हळूहळू येतेच.

झालेल्या चुकीबद्दल त्याच शिफ्टमध्ये बोला, पीस समोर ठेवून, मशीनच्या मागच्या बाजूला. “तुझं लक्ष नसतं” हे वाक्य टाका. त्यावर तो काय सुधारणार? “दहा वाजता टीप बदललीस आणि पहिला पीस मोजला नाहीस” यावर सुधारता येतं. एका वेळी एक गोष्ट. दोन सांगितल्या तर सोपी तेवढी करतो.

कौतुकाचंही तेच. “शाब्बास, मस्त काम” हे हवेत जातं. “काल डिस्पॅचला बर (कडेला उरलेली धातूची धार) राहिलेले पीस तू थांबवलेस, ते बरं केलंस, नाहीतर कस्टमरकडून लॉट परत आला असता” हे त्याच्या डोक्यात बसतं, आणि शेजारचाही ऐकतो. म्हणून कौतुक गँगवेमध्ये करा.

मामा लोक

वीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला कसं शिकवायचं? बहुतेक तरुण सुपरवायझर दोन टोकांवर असतात. एकतर त्यांना हातच लावत नाहीत, किंवा डिप्लोमाचा तोरा दाखवतात. मामांना आवाजावरून टीप कळते, चिपचा रंग बघून फीड कळतो. पण चेकशीट भरायला नको असते, आणि नवीन गेजवर विश्वास नसतो.

त्यांना शिकवायला गेलात की दार बंद. विचारायला गेलात की उघडतं. “मामा, या नव्या पोराला चिपवरून कसं ओळखायचं ते सांगाल का? मी लिहून घेतो.” ते सांगतात, तुम्ही त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवता: पायरी, घोळाची जागा, कारण. तो कागद मशीनला लागतो. एकदा आपलं म्हणणं कागदावर आलं की त्यांचं कागदाशी असलेलं वैर कमी होतं. नंतर चेकशीटचा विषय काढा, तोही एकटे असताना, चहाच्या वेळी, आणि “मामा, तुम्ही भरत नाही म्हणून पोरंही भरत नाहीत” असं स्पष्ट. ते खरंच असतं आणि त्यांना ते माहीत असतं. अरे-तुरे मात्र चुकूनही नाही, आपण हुद्द्यानं कितीही वर असलो तरी.

वेळ कुठून काढायचा

शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं. दोन्ही ऑपरेटर मशीनवर असतात, तेव्हा जाणाऱ्यानं येणाऱ्याला काय सांगायचं हे ठरवून द्या: चालू टीपवर किती पीस झाले, साइजचा कल कुठं आहे, काय त्रास दिला. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहून ऐका. कोण काय सोडतो यावरून कुणाला काय शिकवायचं ते कळतं. मटेरियल आलं नाही म्हणून मशीन उभं असतं तो वेळही सोन्यासारखा. एरवी त्यात पोरं मोबाइल बघतात. मोबाइलच वापरायचा तर सेटिंग करताना त्याचा व्हिडिओ काढा आणि त्यालाच दाखवा. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी, त्या दिवशी बोलावून ‘ट्रेनिंग’ घेऊ नका. येतात, सही करतात, झोपतात.

भिंतीवर स्किल मॅट्रिक्स असतं, चार भागांचं गोल, जितकं येतं तितके भाग काळे. ऑडिटच्या आदल्या दिवशी ते काळे होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरं ठेवायचं तर एक नियम करा: चौथा भाग काळा तेव्हाच, जेव्हा त्या माणसानं दुसऱ्याला ते काम शिकवलं.

अप्रेंटिसबद्दल थोडं. कायदा १९६१ चा आहे, स्टायपेंडचा काही हिस्साही केंद्राच्या योजनेतून येतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर. वर्षभर बर काढतो आणि ट्रॉली ढकलतो. बर काढायला हरकत नाही, पण आठवड्यातून एक सेटिंग त्याच्या हातून झालं पाहिजे, नाहीतर परीक्षेला तो काय दाखवणार?

“शिकवून काय उपयोग, हजार रुपये जास्त मिळाले की चाकणला जातात.” हे ऐकतो मी रोज. जातात, खरं आहे. पण न शिकवलेलाही जातो, आणि जाईपर्यंत भंगार करतो. शिवाय चांगलं शिकलेला पोरगा गावाकडून भाऊ-मित्र घेऊन येतो. आमच्या शॉपमधली बरीच भरती अशीच झालीय.

वर्ष-दीड वर्षानं त्या बोअरवाल्या पोरासारखा कुणी तयार झाला की त्याच्याकडे नवीन पोरगा द्या आणि तुम्ही दोन मशीन सोडून उभे राहा. तो नव्याला वेअरचं पान दाखवताना प्लस इनपुट का दाबायचं ते सांगतो, की नुसतं “हे बटण दाब” म्हणतो, एवढं ऐका. नुसतं बटण सांगितलं असेल तर मधे पडू नका. नव्या पोरासमोर तर नाहीच. शिफ्ट संपल्यावर त्याला बाजूला घ्या आणि विचारा, “तो उद्या इनपुट दाबेल तेव्हा त्याला कसं कळेल?”